खिळ्याला टांगलेली माळ

आधीच सांगून टाकते, मी वाचले. पोटातल्या स्वादुपिंडाचा एक तुकडा, त्याला चिकटलेलं थोडं आतडं, पित्ताची पिशवी, एवढं सगळं कापून काढलं, उरलेलं पुन्हा एकमेकाला जोडलं, आणि तरी मी आज मुलुंडच्या आमच्या चाळीत दोन्ही वेळच्या भाकऱ्या थापते. कुणाच्या घरात हेच ऑपरेशन सांगितलं असेल आणि रडारड चालली असेल, तर त्यांनी एवढं वाचावं आणि जरा धीर धरावा. पुढचं मात्र मी धीर द्यायला लिहिलेलं नाही. पुढचं लिहिते, कारण ते मला कुणीतरी विचारायला हवं होतं आणि कुणीच विचारलं नाही.

माळ

माझं नाव सुनंदा. पण आमच्याकडे सुनंदा म्हणून विचारलंत तर घर सापडायचं नाही. माळवाल्या काकी कुठे राहतात विचारा, स्टेशनपासून कुणीही आणून सोडेल.

माळ म्हणजे काविळीची. सासूबाई कणकवलीकडच्या. मुंबईला येताना त्यांनी दोनच गोष्टी बरोबर आणल्या, एक पाटा-वरवंटा आणि दुसरी ही विद्या. दोन्ही जाताना मला देऊन गेल्या. बुधवारी नि रविवारी पहाटे डोंगराच्या पायथ्याला जायचं, वाटेत कुणाशी बोलायचं नाही, घेटुळीची, म्हणजे पुनर्नव्याची, ओली मुळं उपटून आणायची. त्यांचे एकवीस तुकडे करायचे, दोऱ्याच्या फासात एकेक अडकवायचा, आणि ती माळ आजारी माणसाच्या डोक्यावर ठेवायची. पहिल्या दिवशी ती जेमतेम कानांच्या वर बसते. मग दिवसागणिक वाढत जाते. आठवड्यात गळ्यात येते, मग छातीवर, मग पोटावर. माळ उतरते तशी कावीळ उतरते. पैसे घ्यायचे नाहीत, नारळ तेवढा घ्यायचा, आणि दारात आलेल्याला नाही म्हणायचं नाही.

नियम तीन. तेल, तूप, मासळी बंद. माळ अंगावर असेतो दुसरं औषध घ्यायचं नाही. आणि जिने घातली तिनेच काढायची. दुसऱ्याचा हात लागला तर कावीळ उलटते.

बावीस वर्षं मी हे केलं. घाटकोपर, कुर्ला, पार ठाण्यापलीकडून माणसं यायची. एका डॉक्टरांच्या कंपाउंडरनेसुद्धा आपल्या मुलाला आणलं होतं, मागच्या दाराने. आणि माणसं बरी व्हायची हो, खोटं नाही सांगत. महिनाभराने पेढे घेऊन यायची, पाया पडायची. जे बरे झाले नाहीत त्यांच्याबद्दल मी म्हणायचे, पथ्य मोडलं असणार. ते काही परत येऊन मला उलटं बोलले नाहीत. का आले नाहीत, हा विचार बावीस वर्षांत माझ्या डोक्यात एकदाही आला नाही.

दिव्याखाली अंधार

गिरणीचा संप मोडून दोन-तीन वर्षं झाली होती. आमचे हे आता एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. मुलगी मंगल एकोणीस वर्षांची, मुलुंडच्याच एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. एकुलती एक. बापाचा शांतपणा नाही घेतला, माझी जीभ घेतली.

पहिली आली ती खाज. तळव्यांना, मग अंगभर. मला वाटलं साबण बदलला म्हणून. मग लघवी चहाच्या रंगाची, आणि शौचाला शाडूच्या मातीसारखं पांढरट. दुखत काहीच नव्हतं. ताप नाही, कळ नाही. आरशात डोळे बघितले, तर पिवळे. ज्या बाईने आख्ख्या मुलुंडची कावीळ उतरवली तिला कावीळ. लोक काय हसले असते.

हसू द्यायचे नव्हते म्हणून मी लपवलं. स्वतःची माळ स्वतः घालता येत नाही, म्हणून यांना बसवलं समोर.

"गे, माका ह्या जमाचा नाय," हे म्हणाले.

"नुसती डोक्यावर ठेवायची आहे, हिमालय उचलायचा नाही," मी म्हटलं.

त्यांनी ठेवली. मी वरून पदर घट्ट ओढून घेतला आणि बुधवारी दारात येणाऱ्यांना मंगलकडून सांगवलं, काकी गावाला गेल्यात.

माळ उतरत गेली. झकास उतरत गेली. पण डोळे होते तसेच पिवळे, उलट जास्तच. खाजवून खाजवून हातांवर ओरखडे उठले. अंगावरचा ब्लाऊज ढगळ व्हायला लागला. तेराव्या दिवशी मंगलने मला भिंतीपाशी बोलावलं. कॅलेंडरच्या मागे खिळ्याला तिने एक माळ टांगून ठेवली होती.

"ही तुझ्याबरोबरच केलेली," ती म्हणाली. "तुझीच उरलेली मुळं, तुझ्यासारख्याच गाठी. तेरा दिवस खिळ्याला आहे."

तिने माझ्या गळ्यातली माळ हातात धरून खिळ्यावरचीच्या शेजारी आणली. दोन्ही सारख्याच लोंबत होत्या. भिंतीवरची बोटभर जास्तच.

"आता सांग आई, भिंतीला कावीळ झाली होती का?"

मी तिच्या थोबाडीत मारली. जन्मात पहिल्यांदा. तिने गालाला हातही लावला नाही. म्हणाली, "मारलंस ना? आता चप्पल घाल. डॉक्टरकडे जायचंय."

मुळं ओली असतात तेव्हा जाड असतात. वाळली की बारीक होतात, फास सैल पडतात, माळ लांबते. एवढंच. साध्या काविळीचं माणूस तीन-चार आठवड्यांत आपोआप बरं होतं, आणि मुळं वाळायलाही तेवढेच दिवस लागतात. बावीस वर्षं मी मुळं वाळवत होते आणि पाया पडून घेत होते.

कागदावरची नळी

मुलुंडच्या नर्सिंग होमचे सर्जन तरुण होते. त्यांनी पोट दाबलं, घाटकोपरला पाठवून सोनोग्राफी करून आणायला सांगितली. ते मशीन तेव्हा नवीनच आलं होतं, बाहेर ही गर्दी. रिपोर्ट बघून त्यांनी चिठ्ठीच्या मागे पेनाने एक नळी काढली.

"काकी, कावीळ दोन तऱ्हेची. एकीत लिव्हरला सूज येते, ती बहुतेक वेळा आपली आपण उतरते. दुसरीत पित्ताची नळी बंद पडते. तुमची ही दुसरी. नळीच्या तोंडाशी, स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ आहे. खाज, पांढरी शौच, दुखणं नाही, ही तिची लक्षणं. ती काढावी लागेल."

"कॅन्सर?" मंगलने विचारलं. माझ्या तोंडून तो शब्द निघाला नसता.

"काढून तपासल्याशिवाय सांगता येत नाही. पण तसं धरूनच चालायचं."

हे खुर्चीत बसल्याबसल्या टोपीची घडी घालत होते, उलगडत होते. मग विचारलं, "तुम्ही कराल ना साहेब?"

तेव्हा त्या माणसाने जे सांगितलं त्याबद्दल मी त्यांना रोज मनातल्या मनात नमस्कार करते. म्हणाले, "मी हे शिकत असताना पाहिलंय. स्वतः हात एकदाच लावलाय. हे ऑपरेशन जो वरचेवर करतो त्याच्याकडेच करावं, आणि नुसता सर्जन नाही, त्याचा वॉर्डही सरावाचा पाहिजे. मी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी देतो. जवळ पडतं म्हणून माझ्याकडे करू नका."

आपल्याला येत नाही हे तोंडावर सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही काय करता काकी?"

"घरकाम," मी म्हटलं.

माळ यांनी घातली होती, त्यांनीच त्या दवाखान्याच्या पायरीवर काढली. नियम पाळला. आणि पायऱ्या उतरता उतरताच मला हिरा आठवली.

हिरा

हिरा भांडुपगावातली कोळीण. मुलुंडच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. वीस वर्षांची ओळख. सुरुवात भांडणाने झाली होती, मी तिच्या बोंबलांना शिळे म्हटलं आणि तिने माझे सगळे पूर्वज काढले. तेव्हापासून दुसरीकडून मासे घेतले नाहीत. मंगलच्या बारशाला तिने खाडीची चिंबोरी टोपलीभर आणली होती.

माझ्या काविळीच्या महिनाभर आधी हिरा माझ्याकडे आली होती, डोळे हळदीसारखे घेऊन. खाज. दुखणं नाही. मी तिला माळ घातली. ती उतरली, पण डोळे उतरले नाहीत, म्हणून दुसरी घातली. तिचा मुलगा हॉस्पिटल म्हणत होता. मीच त्याला झापला होता, "डॉक्टर आधी सुरी काढतात. माळ उतरतेय ना? मग गप बस."

कागदावरची नळी माझीच नव्हती, हिराचीही होती. मला ते तिथे पायरीवर कळलं होतं. तरी मी घरी येऊन काय केलं? भात टाकला. म्हटलं, आधी माझं होऊ दे. बरी झाले की सांगेन.

वॉर्ड

मोठ्या हॉस्पिटलात नंबर लागेपर्यंत बारा दिवस मी नुसती खाटेवर होते. सकाळी पाचला झाडू, मग चहा, मग रक्त काढायला येणारी पोरगी, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी आणि त्यांच्यामागे शिकाऊ डॉक्टरांची वरात. काविळीच्या माणसाचं रक्त लवकर गोठत नाही म्हणून रोज एक इंजेक्शन. रक्ताच्या बाटल्या मागितल्या तर यांचे गिरणीतले चार जुने सोबती रक्त द्यायला आले. संपाने ज्यांचं सगळं गेलं ते रक्त द्यायला आले, काय बोलणार?

हे मोठ्या डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, यातून माणूस उठतो ना?"

"बरेच उठतात. सगळे नाही उठत," डॉक्टर म्हणाले. "टेबलावर जाण्याची भीती आता पूर्वीसारखी नाही. खरी काळजी नंतरची. तीन ठिकाणी जोडायचं असतं. त्यातली स्वादुपिंडाची जोडणी गळली तर दिवस वाईट जातात. गळली तर काय करायचं ते आम्हाला माहीत आहे. पण गळणार नाही असं मी लिहून देणार नाही."

मला हे बोलणं आवडलं. गोड बोलणाऱ्याच्या हाताखाली जायची मला भीतीच वाटली असती. मी स्वतः किती गोड बोलायचे ते मला ठाऊक होतं.

हॉस्पिटलात दाखल होऊन आठवा दिवस. भेटायची वेळ चार ते सहा. चार वाजता दारात हिरा उभी. हातात शहाळं, नऊवारी कंबरेवर सैल झालेलं, आणि गळ्यात माझी माळ, पोटापर्यंत आलेली.

"काय गो बाय, सांगितलंस पन नाय," ती खाटेवरच बसली. "तुजी मंगल बाजारात दिसली तवा मना कळलं. काय झालाय तुना?"

"पित्ताचे खडे," मी म्हटलं.

"डोळं पिवळं दिसतान तुजं."

"औषधाने. ऑपरेशनच्या आधी देतात ना, त्याने."

किती सहज आलं तोंडात. आणि मग हिराने आख्ख्या वॉर्डला ऐकू जाईल अशा आवाजात माझी ओळख करून दिली. ही साधी बाई नाय, काविळीची माळवाली हाय, हिच्या हाताला गुण हाय, माजी पन उतरत आली बघा. शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. आयाबाई हातातलं भांडं ठेवून आली, तिच्या भाच्याला महिनाभर कावीळ होती. बायका माझ्याकडे बघायला लागल्या, त्या बाजारात बघतात तशा. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. आठ दिवस मी नुसती खाट नंबर होते. त्या घडीला मी पुन्हा माळवाल्या काकी झाले.

मग हिरा वाकली. दर आठवड्याला वाकायची तशीच, मी माळ मोजावी म्हणून. "बघ गो, अजून किती दिवस ठेवू?"

मी माळ हातात घेतली. मुळं खडखडीत वाळली होती. तिच्या दंडावर खाजवल्याचे तेच ओरखडे होते जे माझ्या हातांवर होते. दोन हात वर केले असते तर माळ डोक्यावरून निघाली असती. हिरा, ही काढते, खाली ओपीडीत चल आणि डॉक्टरांना दाखव, एवढं बोलायचं होतं. पण मग त्या म्हातारीने विचारलं असतं, का हो? आयाबाईने विचारलं असतं. आणि मला म्हणावं लागलं असतं की ही माळ म्हणजे नुसती वाळलेली मुळं आहेत आणि मी इथे खड्यांसाठी आलेली नाही.

"अजून पंधरा दिवस राहू दे," मी म्हटलं, आणि माळ सोडून दिली.

हिरा जाताना शहाळं फोडून देऊन गेली. मी ते प्यायले.

नळ्या

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. सकाळी नेलं, संध्याकाळी आणलं, मधले तास यांच्या आणि मंगलच्या वाट्याला आले. दोघांनी बाकड्याच्या दोन टोकांना बसून काढले, असं मंगल सांगते. आदल्या दिवशी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. हे म्हणत होते, तू उगाच आईला कापायला आणलीस. ती म्हणत होती, तुम्ही माळ घातलीत. ऑपरेशन थिएटरचं दार उघडून डॉक्टर बाहेर आले आणि गाठ पुरी निघाली म्हणाले, तेव्हा यांनी मंगलच्या डोक्यावर हात ठेवला. भांडण तिथे संपलं म्हणे. मला तसं वाटत नाही, पण जाऊ दे.

नाकात नळी, पोटात दोन नळ्या, हातात सलाइन. पाचव्या दिवशी जोडणी गळायला लागली. डॉक्टर म्हणाले होते तेच झालं. नळीच्या कडेने जो रस पाझरायचा तो अन्न पचवणारा रस, तो माझं कातडंच पचवायला लागला. तिखट चोळल्यासारखी आग. तेव्हा मोठ्या सिस्टर दर दोन-तीन तासांनी येऊन पांढरा मलम लिंपायच्या, भिंतीला चुना लावतात तसा, जाड. त्या कधी गोड बोलल्या नाहीत. "हलू नका, माझं काम वाढतं," म्हणायच्या. पण त्यांना हे सगळं ठाऊक होतं. नळीत काय आलं, किती आलं, कोणत्या रंगाचं आलं की डॉक्टरांना उठवायचं. मुलुंडचे सर्जन वॉर्डबद्दल का बोलले होते ते मला तेव्हा समजलं. मला सर्जनने जितकं वाचवलं तितकंच त्या मलमाने.

शेजारच्या म्हातारीने एकदा माझे केस विंचरून दिले. तीन आठवड्यांचा गुंता. एक केस न तोडता. मी तोंड फिरवून रडले. तिला वाटलं दुखतंय.

ताप चढायचा, उतरायचा. ताप आला की मला माळ दिसायची. तापातलं बोलणं मंगलने ऐकलं असावं, कारण एका दुपारी ती सरळ म्हणाली, "आई, हिरामावशीचं काय?"

तेव्हा मी सांगितलं. ऑपरेशनला अठरा दिवस झाले होते. पायरीवरचं, शहाळ्याचं, पंधरा दिवस राहू दे म्हटल्याचं, सगळं. मंगलने मला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मी आत्ता जाते," आणि पर्स उचलून निघाली.

दुसऱ्या दिवशी आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. हिराने तिला चहा पाजला होता, सगळं ऐकून घेतलं होतं. आणि म्हणाली होती, "पोरी, तुजी आय बरी होऊन येईल तवा काढील. ती बोलली पंधरा दिवस, मंग मी पंधरा दिवस ठेवली, आता ती येईपर्यंत ठेवीन. दुसऱ्याचा हात लागू देनार नाय."

माझाच नियम. मीच शिकवलेला. मी खाटेवरून हलू शकत नव्हते, चार पावलांवरच्या संडासाला दोघी धरून न्यायच्या. हे जाऊन आले, हिराने यांनाही चहाच पाजला. चिठ्ठी लिहून पाठवली तर ती म्हणे हसली, "मना कुटं वाचता येतं?"

शेवटी तिच्या मुलाने तिला उचलूनच हॉस्पिटलात नेली. तोवर आणखी तीन आठवडे गेले होते. सिस्टरने कात्री काढली तर हिराने तिचा हात धरला. तेव्हा त्यांनी ती माळ केसांत गुंडाळून वरून ऑपरेशनची टोपी घातली. पोट उघडलं, बघितलं आणि तसंच शिवलं. पसरलं होतं.

माझा तपासाचा रिपोर्ट त्याच आठवड्यात आला. गाठ कॅन्सरचीच होती, पण कापलेल्या कडा स्वच्छ होत्या. मोठे डॉक्टर फेरीत थांबून म्हणाले, "नशीबवान आहात. लवकर आलात." वॉर्डातल्या सगळ्या बायकांनी ऐकलं. मी चादर तोंडावर घेतली.

एकदा त्यांना एकटं गाठून मी विचारलं, माझी एक मैत्रीण, अशी अशी, ती माझ्या ऑपरेशनच्या आधी आली असती तर? "सांगता येत नाही," म्हणाले. "कदाचित तेव्हाही उशीर झालेला असता. कदाचित नसता." एवढंच. लोक मला म्हणतात, बघ, डॉक्टरसुद्धा म्हणाले सांगता येत नाही. पण तो नसता हा शब्द मला सोडत नाही.

भांडुपगाव

ऑपरेशननंतर सात आठवड्यांनी घरी आले. वजन निम्म्यावर. तेव्हापासून दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खाते, जेवताना पचनाच्या गोळ्या घेते, साखर वाढते की काय म्हणून तपासून घेते. तेलाचं खाल्लं तर पोट लगेच जाब विचारतं. हे सगळं जमतं. सवय होते. ज्यांना हे ऑपरेशन सांगितलंय त्यांनी याला घाबरू नये.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी मी मंगलला म्हटलं, रिक्षा आण. हे नको म्हणत होते, नळीची जखम अजून ओली आहे म्हणत होते. मी ऐकलं नाही.

हिराच्या घराबाहेर जाळी वाळत होती. ती आत पलंगावर होती. एवढीशी झाली होती. पण मला बघून उठून बसली, सुनेला म्हणाली, "खुर्ची दे, तिचं पोट फाडलंय."

मी खुर्चीत बसले नाही. पलंगावर बसले, जशी ती माझ्या खाटेवर बसली होती. आणि सांगितलं. खडे नव्हते, तुला झालंय तेच मला झालं होतं. तू आलीस तेव्हा मला ठाऊक होतं.

हिराने गळ्यातल्या माळेला हात लावला. मग म्हणाली, "तवा माळ तुज्या हातात होती."

"हो."

"हातात घेऊन सोडलीस."

"हो. बायका बघत होत्या म्हणून."

ती ओरडली असती तर मी ऐकून घेतलं असतं. ज्या बाईने बोंबलांवरच्या माझ्या एका शब्दासाठी माझे पूर्वज काढले होते, तिने नुसती पायांवरची गोधडी सारखी केली. बाहेर सून कोलंबी सोलत होती तेवढा आवाज. बऱ्याच वेळाने हिरा वाकली, तशीच, नेहमीसारखी.

"काढ आता."

गाठ सोडावी लागली नाही. एवढी लांब झाली होती की डोक्यावरून सहज निघाली.

"जा गो आता," ती म्हणाली. "मना निजू दे."

मी माफी मागितली नाही. ती मागायला माझं तोंड नव्हतं आणि तिने दिलीही नसती. पुढच्या महिन्यात हिरा गेली. मी अंत्ययात्रेला मागे उभी होते. तिच्या मुलाने मला बघितलं आणि मान वळवली. बरोबर केलं त्याने.

खिळा

काढलेली माळ वाहत्या पाण्यात सोडायची असते. हिराची मी सोडली नाही. मंगलने जिथे तिची टांगली होती त्याच खिळ्याला ती टांगली आहे. मंगलने कॅलेंडर दुसरीकडे लावलं.

बुधवारी आणि रविवारी माणसं अजून येतात. कुणी सांगितलं असतं, मुलुंडला माळवाल्या काकी आहेत. नारळ घेऊन येतात. मी त्यांना घरात घेते, दारात आलेल्याला नाही म्हणायचं नाही हा एक नियम ठेवलाय. विचारते, खाज आहे का? शौच पांढरी आहे का? दुखतं का? काहीही उत्तर आलं तरी त्यांना भिंतीपाशी नेते.

"ही कुणाची माळ?" ते विचारतात. "केवढी उतरलीय."

"हिराची," मी सांगते. "हिला मी सांगितलं नाही. तुम्हाला सांगते, आजच डॉक्टरकडे जा."